क्लायंट नसताना केलेलं काम : ग्राफिक डिझायनरला कल्पना नेमक्या सुचतात कुठून?

पाटण, कराड, विटा, तासगाव. तालुक्याच्या गावातलं कुठलंही फ्लेक्सचं दुकान घ्या. सकाळी शटर वर गेलं की पहिलं काम वाढदिवसाच्या बॅनरचं. मग लग्नपत्रिका, मग यात्रेचं पोस्टर, मग "भावपूर्ण श्रद्धांजली, अर्जंट पाहिजे". फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. कुणाचा फोटो मोठा, कुणाचा लहान, कोण वर आणि कोण खाली हे आधीच ठरलेलं असतं. रंगही ठरलेला, मजकूरही ठरलेला. संगणकासमोर बसलेल्या पोराचा हात कोरल ड्रॉवर वाऱ्यासारखा चालतो. दिवसाला दहा-बारा कामं सहज निघतात.

अडचण येते ती पुढे. हाच पोरगा पुण्यात एखाद्या स्टुडिओत मुलाखतीला जातो आणि समोरचा विचारतो, "तुझं काम दाखव." दाखवायला शेकडो फाइल असतात, पण त्यातला एकही निर्णय त्याचा स्वतःचा नसतो.

यावर डिझाइनच्या जगात एक जुना उपाय आहे. त्याला म्हणतात सेल्फ-इनिशिएटेड प्रोजेक्ट, म्हणजे कुणी न सांगता स्वतःहून हाती घेतलेलं काम. हे नक्की काय असतं, त्यातून कल्पना कशा सुचतात आणि आपल्या मराठी मुलखात हे कुणी केलंय, ते समजून घेऊ.

स्वतःहून घेतलेलं काम म्हणजे काय?

साध्या भाषेत, ज्या कामाला क्लायंट नाही, ब्रीफ नाही आणि डेडलाइन आपणच ठरवलेली असते ते काम. विषय आपला, अटी आपल्या आणि चुकलं तर जबाबदारीही आपलीच.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. ओळखीतला कुणी म्हणतो, "एक लोगो करून दे, तुझं नाव होईल." हे स्वतःचं काम नाही, हे दुसऱ्याचं काम फुकट करणं आहे. विषय त्याचा, पसंती त्याची, फायदाही त्याचा. दुसरी गल्लत म्हणजे सराव. यूट्यूबवरचं ट्यूटोरियल बघून हुबेहूब तसंच पोस्टर केलं तर हात सुधारतो, पण ते आपलं काम ठरत नाही. कारण काय करायचं हे ठरवणारा दुसराच कुणीतरी होता.

खरा फरक पैशाचा नाही. निर्णय कुणाचा, हा आहे.

हे फॅड परदेशातून आलंय का?

शब्द तिकडचा आहे, गोष्ट नाही. पाटणपासून लांब जायचीही गरज नाही. सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचंच बघा.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या जमिनीवर हा कारखाना आणि गाव वसवलं. लोखंडी नांगर हे त्यांचं गाजलेलं उत्पादन. गंमत म्हणजे लक्ष्मणराव स्वतः मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. रंगांधळेपणामुळे रंगकाम जमेना, म्हणून ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले.

त्यांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर, म्हणजे 'शंवाकि'. तेही चित्रकार. नांगराच्या कारखान्यात चित्रकाराचं काम ते किती असणार? पण १९२० मध्ये त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या बातम्या देणारं हे छोटं पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर' आलं. शंवाकि संपादनही करत आणि व्यंगचित्रंही काढत. शहरापासून दूर, माळरानावर वसलेल्या कारखान्याच्या गावातून निघालेली ही मासिकं मराठी घराघरांत पोचली.

दुसरं उदाहरण दीनानाथ दलाल यांचं. १९१६ मध्ये गोव्यात मडगावला जन्मलेले दलाल मुंबईत आले आणि मराठी पुस्तकांची मुखपृष्ठं करणारे आघाडीचे चित्रकार झाले. कामाला तोटा नव्हता. तरी १९४५ मध्ये त्यांनी स्वतःचा 'दीपावली' अंक सुरू केला. तोवर ते दुसऱ्यांच्या पुस्तकांना चेहरा देत होते. 'दीपावली'त आतला कागद कसा असावा, चित्राला किती जागा द्यावी, कुणाला लिहायला सांगावं, हे सगळं तेच ठरवू लागले. आजही जुन्या दिवाळी अंकांच्या संग्रहात दलालांची चित्रं वेगळी ओळखू येतात.

या दोघांच्या काळात 'ग्राफिक डिझायनर' हा शब्द मराठीत रुळलेला नव्हता. काम मात्र तेच होतं.

अक्षरांच्या वेडातून काय निघालं?

मराठी डिझायनरांच्या स्वतःच्या कामांत सर्वात जास्त फळ देणारा विषय कुठला असेल, तर आपली लिपी.

र. कृ. जोशी (१९३६–२००८) जाहिरात क्षेत्रात काम करायचे, नंतर आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये शिकवायचे. पण डोक्यात सतत अक्षर. भारतातल्या सगळ्या भाषा एका लिपीत लिहिता येतील का, या प्रश्नावर त्यांनी 'देशनागरी' नावाची लिपी मांडली. ती रोजच्या वापरात आली नाही. पण अक्षरांच्या घडणीचा असा वर्षानुवर्षांचा विचार वाया गेला नाही. विंडोज संगणकांवर अनेकांनी पहिल्यांदा मराठी टाइप केलं ते ज्या 'मंगल' फॉन्टमध्ये, तो जोशींनीच केलाय.

अच्युत पालव यांची वाट मोडीतून गेली. पूर्वी दप्तरात, पत्रव्यवहारात सर्रास वापरली जाणारी मोडी विसाव्या शतकाच्या मध्यानंतर व्यवहारातून जवळपास गेली आणि इतिहास संशोधकांपुरती उरली. जे. जे. मधून बाहेर पडलेल्या पालवांनी शिष्यवृत्ती घेऊन तिचा अभ्यास केला. तो कागदपत्रं वाचण्यासाठी नव्हता, अक्षराचं वळण समजून घेण्यासाठी होता. पुढे मोडी आणि देवनागरी यांच्या मेळातून त्यांनी 'मुक्तलिपी' घडवली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

अगदी अलीकडचं उदाहरण तर तुमच्या फोनवरच असेल. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचे 'मुक्ता', 'बालू' आणि 'मोदक' हे फॉन्ट. त्यातला 'मोदक' मजेशीर आहे. देवनागरी अक्षर किती जाड करता येईल? इतकं जाड की आतली मोकळी जागा फक्त बारीक रेघ म्हणून उरेल आणि तरीही ते वाचता येईल? कुठल्याही क्लायंटनं असा प्रश्न विचारला नसता. उत्तर म्हणून निघाला तो गुबगुबीत फॉन्ट. हे फॉन्ट खुल्या परवान्याखाली मोफत मिळतात. त्यामुळे एका गटानं स्वतःला घातलेलं कोडं आज असंख्य पोस्टरांवर दिसतं.

या तिन्ही कामांची सुरुवात "मला काहीतरी भारी करायचंय" अशी नाही. सुरुवातीला एक नेमका प्रश्न आहे. सगळ्यांना एक लिपी चालेल का? मोडीचं वळण आज वापरता येईल का? अक्षर किती जाड होऊ शकतं?

मग प्रेरणा येते कधी?

पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्राम तासभर खाली-वर केलं की प्रेरणा मिळते, असा एक समज आहे. होतं उलटंच. दुसऱ्यांची तयार कामं बघून त्यांच्यासारखंच करावंसं वाटतं किंवा काहीच करू नये असं वाटतं. ज्यांनी स्वतःची कामं तडीस नेली, त्यांच्याकडे पाहिलं तर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली : जवळचा विषय. दिल्लीत जाहिरात क्षेत्रात काम करणारे हनीफ कुरेशी यांचं बघा. फ्लेक्स आल्यावर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरांचं काम झपाट्यानं बंद पडत होतं. कुरेशींनी साधारण २०१०च्या सुमारास 'हँडपेंटेड टाइप' हा उपक्रम सुरू केला. रस्त्यावरच्या पेंटरांकडून त्यांच्या शैलीतली पूर्ण वर्णमाला कागदावर रंगवून घ्यायची, तिचा डिजिटल फॉन्ट करायचा, फॉन्टला त्या पेंटरचंच नाव द्यायचं आणि विक्रीतला वाटा त्याला द्यायचा. 'पेंटर कफील' हा त्यातला गाजलेला फॉन्ट. कुरेशी २०२४ मध्ये गेले, पण त्या पेंटरांची अक्षरं जपली गेली. विषय शोधायला त्यांना कुठे जावं लागलं नाही. तो रस्त्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

दुसरी : स्वतःला घातलेली मर्यादा. अमेरिकन डिझायनर जेसिका हिशे यांनी २००९ मध्ये 'डेली ड्रॉप कॅप' सुरू केलं. दर कामाच्या दिवशी एक सजवलेलं अक्षर काढायचं आणि टाकायचं, बस. पुढे पेंग्विन प्रकाशनानं अभिजात पुस्तकांची २६ मुखपृष्ठांची मालिका काढली, ए पासून झेड पर्यंत प्रत्येकावर एक सजवलेलं अक्षर. ते काम हिशे यांच्याकडे आलं.

असाच एक उपक्रम बार्सिलोनातून २०१४ मध्ये सुरू झाला, '३६ डेज ऑफ टाइप'. इंग्रजीची २६ अक्षरं आणि १० अंक, म्हणजे ३६ दिवस. जगभरचे डिझायनर त्यात भाग घेतात. आता मराठी मोजून बघा. क पासून ळ पर्यंत ३४ व्यंजनं, वर क्ष आणि ज्ञ. झाली बरोबर ३६! म्हणजे अंक न घेताही आपला हिशेब तंतोतंत जुळतो.

मर्यादेचा फायदा काय? "काहीही कर" म्हटलं की माणूस अडकतो. "आज फक्त ठ, दोनच रंग, एक तास" म्हटलं की हात चालायला लागतो. आणि हात चालायला लागला की कल्पना सुचते.

तिसरी : पूर्ण करणं. माइक विंकेलमन ऊर्फ 'बीपल' या कलाकाराचं डिजिटल चित्र मार्च २०२१ मध्ये क्रिस्टीज या लिलावगृहात ६ कोटी ९० लाख डॉलरहून जास्त किमतीला विकलं गेलं. बातमीत आकडा गाजला. पण ते चित्र म्हणजे ५,००० चित्रांचा एकत्र कोलाज होता. १ मे २००७ पासून रोज एक चित्र, एकही दिवस न चुकवता, तेरा वर्षांहून जास्त. तेवढी किंमत येणं हा एनएफटीच्या लाटेचाही भाग होता, ते दुसऱ्या कुणाला मिळेलच असं नाही. शिकण्यासारखा आकडा ५,००० चा आहे.

पाटणमध्ये बसून काय करता येईल?

"हे सगळं मुंबई-दिल्लीत जमतं, आमच्याकडे काय आहे?" हा नेहमीचा प्रश्न. पाटणच्या आसपासचेच काही विषय बघू.

दातेगडाची विहीर. पाटणजवळचा हा किल्ला सुंदरगड म्हणूनही ओळखला जातो. तिथे खडकात खोदलेली विहीर आहे, आकार तलवारीचा. पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येतं. गडावर कातळात कोरलेले गणपती आणि मारुतीही आहेत. विहिरीचा वरून दिसणारा आकार, पायऱ्यांची लय, कातळावरचे छिन्नीचे घाव. एवढ्यावर पोस्टरांची अख्खी मालिका उभी राहते.

अकरा मारुती. समर्थ रामदासांनी स्थापलेले अकरा मारुती सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत विखुरलेले आहेत. चाफळचे दोन, शिंगणवाडी, माजगाव, उंब्रज, मसूर, शहापूर, बहे, शिराळा, मनपाडळे आणि पारगाव. संख्या ठरलेली, जागा ठरलेल्या. प्रत्येक मूर्ती वेगळी, उंची वेगळी, मुद्रा वेगळी. एका दुचाकीवर काही रविवारांत सगळे बघून होतात. अकरा चित्रं, एक नकाशा, काम पूर्ण.

हातानं रंगवलेल्या पाट्या. बाजारपेठेतली जुनी दुकानं, पिठाच्या गिरण्या, सायकल दुरुस्ती, एसटीच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार. मराठी अक्षराची खास वळणं इथे जपलेली दिसतात. ल आणि श चंच बघा. मराठी वळणाचा पाकळीचा ल आणि देठाचा श हिंदी वळणापेक्षा वेगळे असतात. २००९ च्या महाराष्ट्र शासनाच्या निर्णयातही ही मराठी वळणं दिली आहेत. पण अनेक फॉन्टमध्ये थेट हिंदी वळण येतं आणि आपण तसंच छापतो. जुन्या पेंटरनं मात्र मराठी ल च काढलेला असतो. पन्नास पाट्यांचे फोटो, तारीख, जागा आणि जमल्यास पेंटरचं नाव एवढी नोंदही मोलाची आहे.

कोयनेचं पाणी. हा विषय दिसायला कोरडा, पण सर्वात जिव्हाळ्याचा. पावसाळ्यात सातारा आणि सांगलीतला प्रत्येक माणूस दोन आकड्यांवर डोळा ठेवून असतो. कोयना धरणात किती पाणी आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ पातळी किती फूट. धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि ते पाणी सांगलीकडे जातं. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २०१९ चा महापूर सांगली विसरलेली नाही. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली, तेही कुणी विसरलेलं नाही.

हे आकडे रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात ते लांबलचक मजकुरात. टीएमसी, क्युसेक, फूट, टक्के सगळं एकत्र. आजीला आणि शाळकरी पोराला एका नजरेत कळेल असं चित्र कसं करायचं? कालच्यापेक्षा आज किती वाढलं, धोक्यापासून किती खाली आहे, एवढंच दाखवायचं. डिझायनरसाठी यापेक्षा चांगला प्रश्न शोधून सापडणार नाही. एकच पथ्य कडक पाळायचं. आकडे फक्त प्रशासनाचे घ्यायचे, चित्रावर तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरात टाकायची आणि पुढे काय होईल याचा अंदाज स्वतः वर्तवायचा नाही. जुनं चित्र चुकीच्या दिवशी फिरलं तर लोक विनाकारण घाबरतात, किंवा घाबरायला हवं तेव्हा गाफील राहतात.

वेळ आणि पैसा कुठून आणायचा?

हा खरा प्रश्न आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. दुकानात दहा-दहा तास बसणाऱ्याला रोज तीन तास मिळणार नाहीत. म्हणून काम आधीच लहान ठरवायचं. अकरा चित्रं, ३६ अक्षरं, पन्नास पाट्या. शेवट कुठे आहे हे पहिल्या दिवशी माहीत असलं की मध्येच सोडून देण्याची शक्यता कमी होते. आठवड्याला एक चित्र धरलं तरी अकरा मारुती तीन महिन्यांत संपतात.

खर्चही फार नाही. मोफत परवान्याचे मराठी फॉन्ट मिळतात. ड्रॉइंगसाठी इंकस्केप, फोटोसाठी जिंप, रंगकामासाठी क्रिटा ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. फोन सगळ्यांकडे आहे.

मात्र या कामातून लगेच पैसे मिळतील असं समजून बसू नये. 'देशनागरी' वापरात आली नाही, हे वर आलंच आहे. बहुतेक स्वतःच्या कामांचं असंच होतं. त्यातून मिळतं ते वेगळं. मुलाखतीत दाखवायला स्वतःचं काहीतरी असतं आणि "हा रंग का घेतला?" या प्रश्नाला "साहेबांनी सांगितला" याशिवाय दुसरं उत्तर असतं.

टाकण्याआधी एवढं तपासा

- दुसऱ्याचं अक्षर, चित्र किंवा फोटो वापरला असेल तर परवानगी घ्या आणि नाव द्या. पाटी रंगवणारा पेंटरही कलाकारच आहे.
- फॉन्टचा परवाना वाचा. काही फॉन्ट फक्त खासगी वापरापुरते मोफत असतात.
- एखाद्या संस्थेचा लोगो किंवा तिकीट नव्यानं करून बघितलं असेल, तर त्यावर 'संकल्पना' असं ठळक लिहा. नाहीतर लोकांना ते खरंच बदललंय असं वाटतं.
- फक्त शेवटचं चित्र टाकू नका. पहिलं कच्चं स्केच, फसलेले प्रयत्न आणि विषय का निवडला याच्या चार ओळीही टाका. काम देणारा माणूस तुमच्या डोक्यात काय चाललं होतं हे बघत असतो.
- मूळ फाइल दोन ठिकाणी जपून ठेवा.

शंवाकिंकडे नांगराचा कारखाना होता, कुरेशींकडे रस्त्यावरच्या पाट्या होत्या. पाटणच्या दुकानात बसलेल्या पोराकडे दातेगडाची विहीर आहे, कोयनेचं पाणी आहे आणि बाजारपेठेतल्या पाट्या आहेत. त्यातल्या काही पाट्या पुढच्या वर्षी फ्लेक्सखाली गेलेल्या असतील. तो फ्लेक्स कदाचित त्याच्याच दुकानात छापला जाईल. त्याआधी एक फोटो काढून ठेवला, तर कामाची सुरुवात झालीच म्हणायची.